दुसरा टाका

पौष अर्ध्यावर आला की बुलढाण्याच्या बसस्थानकावरून मला निरोप येतो. बीबी गावाकडून आलेल्या गाडीत माझ्या नावाची पेंढी आहे, येऊन घेऊन जा. पेंढी हरभऱ्याच्या डहाळ्याची, म्हणजे घाट्यांसकट उपटलेल्या ओल्या झाडांची असते, जुन्या पातळाच्या तुकड्यात घट्ट बांधलेली. घरी आणून गाठ सोडली की आधी वास येतो, मग मी एक पान तोडून जिभेवर ठेवते. थंडीत हरभऱ्याच्या पानांवर जे आंबट दहिवर साचते, त्याला आमच्याकडे आंब म्हणतात. एवढ्या प्रवासात ती वाळून गेलेली असते, पण पानात तिचा आंबटपणा उरतो. टाळू आकसतो, डोळे मिटतात. डोळे उघडण्यापूर्वीचा जो क्षणभराचा अंधार असतो, त्यात मी बीबीच्या घरातल्या मधल्या खोलीत बाजेवर पडलेली असते, डोक्याला फडके बांधलेली, बाजेखाली निखाऱ्यांची शेगडी. उठायला मनाई.

पेंढी कौशल्या पाठवते. माझी बुलढाण्याला बदली झाली त्या वर्षापासून एकही पौष तिने चुकवलेला नाही. ती ज्या समजुतीने ती पाठवते ती समजूत खरी नाही, आणि हे मला पहिल्या पेंढीपासून ठाऊक आहे.

महाराष्ट्र राज्याला वीस-एक वर्षे झाली होती, त्या सुमाराची ही गोष्ट. मी बीबीच्या मुलींच्या शाळेत शिक्षिका होते. लग्नाला सात वर्षे झाली होती आणि मूल नव्हते. मूल नव्हते हे गावाला दिसत होते. महिन्यातले चार दिवस पोटात जे होत असे, ते मात्र कोणाला दिसत नव्हते. त्या चार दिवसांत मी वर्गाकडे पाठ करून फळ्यावर लिहीत राही. एका हाताने फळ्याची चौकट धरायची आणि दुसऱ्या हाताने सावकाश, वळणदार अक्षरांत लांबलचक उतारा लिहायचा. कळ ओसरेपर्यंत उतारा संपू द्यायचा नाही. मुली निमूटपणे उतरवून घेत. माझ्या वर्गाचे शुद्धलेखन शाळेत सर्वांत चांगले आहे, असे तपासणीला आलेल्या साहेबांनी एकदा शेरापुस्तकात लिहिले. तो शेरा वाचताना मला हसू आले नाही, याचे आज नवल वाटते.

घरी या दुखण्यावर एकच औषध होते. माझ्या सासूबाई, ज्यांना मी आत्याबाई म्हणे, पौषात रोज संध्याकाळी मागल्या वावरातल्या हरभऱ्यावर मांजरपाटाचे धुतलेले फडके पसरून येत. पहाटेपर्यंत ते आंबेने भिजे. उजाडायच्या आत त्या ते पितळी भांड्यात पिळत, बाटलीत भरून ठेवत आणि वर्षभर माझे पोट दुखले की चमचा-चमचा पाजत. "पोटातलं सारं जाळून टाकते," असे त्या म्हणत. माझे दात आंबत, पोट तसेच राही. पण त्या थंडीत वाकून, पिळून, जपून ठेवलेले ते पाणी होते. मी ते नेहमी पुरते पीत असे.

अखेर शेजारच्या जिल्ह्याच्या गावी एका दवाखान्यात दाखवले. तिथे महिन्यातून एकदा पुण्याहून एक डॉक्टर दुर्बीण घेऊन येत. बेंबीखाली बारीकसे छिद्र पाडून त्या नळीतून पोटाच्या आत पाहायचे, खाली दुसरे छिद्र पाडून तिथूनच उपचार करायचा, अशी ती नवी रीत होती. मी शुद्धीवर आल्यावर त्यांनी मला आजाराचे नाव कागदावर इंग्रजीत लिहून दिले. एंडोमेट्रिओसिस. मी बी.ए., बी.एड. झालेली बाई, तो कागद घडी करून पर्समध्ये ठेवला आणि मनातल्या मनात तो शब्द फोडून फोडून वाचला, जशा शाळेतल्या पहिलीच्या मुली जोडाक्षरे वाचत. कोणाला सांगायची वेळ आली तर काय सांगायचे, हे मात्र विचारायचे राहून गेले.

घरी आले. तीन आठवडे विश्रांती, ओझे उचलायचे नाही, एवढेच डॉक्टरांनी सांगितले होते. पण पोट उघडलेल्या बाईची शुश्रूषा करण्याची आत्याबाईंना एकच पद्धत माहीत होती. ती बाळंतिणीची. त्यांनी मधल्या खोलीत बाज टाकली, खाली शेगडी सरकवली, ओव्याची धुरी दिली, माझे कान बांधले, डिंकाचे लाडू वळले. खोलीची एकुलती खिडकी वारा लागू नये म्हणून पोत्याने झाकली. मी बाळंतीण झाले. फक्त कुशीत बाळ नव्हते, आणि त्या रिकाम्या जागेवर मी उशी ठेवीत असे, कारण तशी ठेवली की टाके कमी ओढत.

गंमत अशी की पोटापेक्षा खांदा जास्त दुखत होता. दुर्बिणीसाठी पोटात हवा भरतात, ती वर चढून खांद्याला कळ देते, असे डॉक्टरांनी सांगितले होते. आत्याबाईंना ते पटेना.

"ऑपरेशन पोटाचं, अन् दुखते खांदा? त्यायनं नीट जागा पाह्यली का नाही?"

"हवा असते ती, आत्याबाई. निघून जाईल."

"हवा भरायले का सायकल हाय?" असे पुटपुटत त्या खांद्याला तेल चोळत. त्यांचा हात खरखरीत होता आणि फार हळू फिरत असे.

मधली खोली म्हणजे घराचा रस्ता. ओसरीतून स्वयंपाकघरात आणि स्वयंपाकघरातून मागल्या दारी जाणारे प्रत्येक पाऊल माझ्या बाजेवरून जाई. येणारी प्रत्येक बाई थांबे, माझ्याकडे पाही, मानेने काहीतरी विचारी आणि पुढे जाई. पाठीमागे हरभऱ्याचे वावर होते. मला ते दिसत नसे. पोत्याच्या विणीतून उन्हाच्या टाचण्या तेवढ्या आत येत आणि दुपारपर्यंत भिंतीवरून सरकत राहत. साडेदहाला शाळेची घंटा होई. माझा वर्ग दुसऱ्या बाईंकडे दिला होता, आणि वाऱ्याची दिशा बरोबर असली की माझ्याच मुलींचे पाढे मला ऐकू येत. सत्तावीसच्या पाढ्यात त्या नेहमी चुकत त्याच ठिकाणी चुकत आणि मी बाजेवरून ओठांतल्या ओठांत दुरुस्त करी. कोंडले जाणे म्हणजे दार बंद असणे नव्हे, हे तेव्हा कळले. दार दिवसभर सताड उघडे होते.

आता दुर्बीण या शब्दाविषयी सांगायला हवे. माझे यजमान एसटीत वाहक. ते मला घरी पोहोचवून, आईला एकच वाक्य सांगून कामावर गेले. "दुर्बिणीचं ऑपरेशन झालं, आई. काळजी करू नको." वाक्यात एक अक्षर खोटे नव्हते. पण आमच्या भागात त्या वर्षी दुर्बिणीचे ऑपरेशन याचा एकच अर्थ होता. आरोग्य केंद्रात कुटुंबनियोजनाची शिबिरे भरत, मंडपात बायका रांगेने निजवीत, बेंबीखाली एक टाका पडे आणि संध्याकाळी त्या घरी जात. मूल बंद. ज्या बाईचे दुर्बिणीचे झाले, तिचे मूल बंद झाले. दुसरा अर्थ गावाने ऐकलाच नव्हता. मी पोटदुखीसाठी गेले हे ठाऊक असल्याने आत्याबाईंनी मात्र तो अर्थ लावला नव्हता.

आणि तो अर्थ गावाला घरोघर जाऊन शिकवणाऱ्यांत मी होते. आम्हा शिक्षकांना शिबिरासाठी बायका तयार करण्याचे काम दिलेले असे. मी मुळात लाजरी. म्हणून मी वाक्ये पाठ केली होती. एकच टाका असतो. मुंगी चावल्यासारखे वाटते. संध्याकाळी घरी. ती वाक्ये मी ज्या दोन-चार अंगणांत उभी राहून म्हटली, त्यांतले एक कौशल्याचे. तिची थोरली शोभा माझ्या वर्गात होती, धाकटी पाळण्यात. मुलगा नव्हता. "दोन पुरेत, कौशल्या," असे मी म्हटले होते. ती पुढच्या शिबिराला गेली. त्यानंतर तिच्या घरात रोज काय चालते, ते शोभाच्या वहीतल्या आसवांच्या डागांवरून मला थोडे-थोडे कळे. तिच्या दारावरून जाणे मी टाळत असे.

नवव्या-दहाव्या दिवशी कौशल्या आली. दारात उभी राहून म्हणाली, "निजल्या का, बाई?"

"नाही गं. ये."

पदरात डहाळा होता. तो बाजेच्या कडेला ठेवून ती खाली मांडी घालून बसली आणि घाटे सोलू लागली. सोललेले दाणे एक-एक करून माझ्या तळहातावर ठेवीत होती.

"मले कालच समजलं. तुमी बी दुर्बिणीचं करून घेतलं मनं."

मी हो म्हटले. ते खरेच होते.

"अन् एक बी लेकरू नसताना?"

प्रश्न कळायला मला दोन दाणे लागले. तोवर ती पुढे, आपल्या सासूविषयी, बोलू लागली होती.

"मी आमच्या बुढीले तोंडावर सांगून आली आज. मनलं, तू मले उठता-बसता बोलते, त्या मास्तरीननं नादी लावलं मून. घे, आता तिनंच करून घेतलं. तिले तं एक पोरगी बी नाही! बुढीचं तोंड असं झालं बाई, जशी आंब चाटली." ती तोंड दाबून हसली. एवढी हसताना मी तिला पाहिले नव्हते. मग हसू ओसरले. "खरं सांगू? लई राग होता मले तुमचा. मनात येये, लोकाच्या बायाईले सांगाले यायचं काय जाते? आज गेला राग. तुमी करून दावलं."

"कौशल्या..."

"टाके किती हायेत?"

"दोन."

"मले तं एकच." तिने हातातला घाटा तसाच धरून विचार केला. "शिकेल मानसाले दोन लागत असतीन."

त्या दुसऱ्या टाक्यात सगळे खरे होते. तिने त्यावर नेमके बोटही ठेवले होते. मला फक्त बोलायचे होते. पण त्यासाठी पाळी हा शब्द मोठ्याने उच्चारावा लागला असता, जो त्या घरात कधी कोणी उच्चारला नव्हता. त्या पुढचा शब्द तर पर्समधल्या कागदावर इंग्रजीत होता. मी हातातले दाणे तोंडात टाकले. तेवढ्यात मला जाणवले की स्वयंपाकघरातला पाट्या-वरवंट्याचा आवाज थांबलेला आहे. तो किती वेळापासून थांबला होता, कोण जाणे.

त्या संध्याकाळी शेगडी आली नाही.

जेवण आले, वेळेवर आले. लाडूही आला. पण तो ताटात ठेवलेला होता, हातात दिलेला नव्हता. आत्याबाई बाजेजवळून ये-जा करीत आणि त्यांची नजर समोरच्या भिंतीवर असे. दुसऱ्या दिवशीही तसेच. तिसऱ्या दिवशी धान्य पाखडता पाखडता, सुपाला सांगावे तसे त्या म्हणाल्या, "रविवारी भावाकडं जाऊन येते मी."

त्यांच्या भावाची मुलगी लग्नाची होती. माझ्या जागी नव्हे, पण माझ्या जोडीला ती द्यावी, असा भावाचा दोन वर्षांचा आग्रह होता. कायद्याने हे चालत नाही, हे मला माहीत होते. आमच्या पंचक्रोशीत चालते, हेही माहीत होते. दोन वर्षे आत्याबाईंनीच तो विषय दाबून ठेवला होता. "देव देईन तव्हा देईन," एवढेच त्या भावाला सांगत. आता देवाने द्यायच्या आत मीच दार लावून घेतले, असे त्यांना वाटत होते. यजमान सोमवारी यायचे होते. रविवार आधी होता. पत्र लिहावे असे मनात आले, पण आत्याबाईंना वाचता येत नव्हते, आणि ते पत्र त्यांना दुसऱ्या कोणी वाचून दाखवावे, ही कल्पनाही सोसेना.

शनिवारी पहाटे मागल्या दाराची कडी वाजली. आंब गोळा करायला त्या निघाल्या होत्या. मी बाजेवर उठून बसले. भिंत धरून दारापर्यंत गेले. उंबरठा चार बोटे उंच होता. तो ओलांडताना खालचा टाका असा ओढला की मी दाराची चौकट धरली, जशी फळ्याची धरीत असे. मग बाहेर पडले.

धुके हरभऱ्याच्या शेंड्यांवर टेकले होते. बारा दिवसांनी पहिल्यांदा मला आभाळ दिसत होते आणि ते फार जवळ होते. आत्याबाई वावराच्या मध्यात वाकून फडके उचलीत होत्या. मी धुऱ्यावर, म्हणजे वावराच्या बांधावर, उभी राहिले. त्यांनी मला पाहिले आणि त्या फडके पिळू लागल्या.

"आत्याबाई, लेकरू बंद करायचं ऑपरेशन नाही केलं मी."

भांड्यात धार पडत होती.

"मंग कायचं केलं?"

मी सांगू लागले. गर्भाशय म्हटले, अस्तर म्हटले, मासिक धर्म म्हटले. पुस्तकातले एकेक शब्द धुक्यात जाऊन पडत होते. त्यांनी पिळणे थांबवले.

"मले समजन असं सांग. पोराईले शिकवते नं तू?"

मी खाली पाहिले. पेरताना उडालेले दाणे धुऱ्यावर रुजले होते. तीन-चार झाडे, वावरातल्यासारखीच हिरवी, आंबेने डवरलेली.

"हरभरा वावरात पेरला," मी म्हटले, "आणि ही झाडं धुऱ्यावर उगवली. माझ्या पोटात तसं झालंय. पिशवीच्या आत जे उगवायचं, ते बाहेर उगवलं. दर महिन्याला आतलं गळून जातं. बाहेरच्याला जायला वाट नाही, ते तिथंच साचतं. म्हणून दुखतं. दुर्बिणीतून बघून त्यांनी ते जाळलं."

"धुऱ्यावरचं," त्या म्हणाल्या.

"हो."

"सारं जाळलं?"

"दिसलं तेवढं."

"पुन्हा उगवीन?"

"उगवू शकतं."

"अन् लेकरू?"

"होऊ शकतं. नक्की नाही सांगता येत."

त्यांनी भांड्यातल्या पाण्याकडे पाहिले. मग त्यांचे खांदे हलू लागले. त्या रडत आहेत असे मला वाटले, पण त्या हसत होत्या, आणि डोळ्यांतून पाणीही येत होते.

"अन् मी सात वरसं तुले आंब पाजत राह्यली! दात आंबले असतीन तुहे. बोलली काऊन नाही?"

मी पुढे होऊन फडक्याचे दुसरे टोक धरले.

घराकडे परतताना त्यांनी माझा दंड धरला होता. मी म्हटले, "आज कौशल्याला खरं सांगते." त्या थबकल्या.

"कोनाले काही सांगायचं नाही."

"का?"

"गावात तुले काय मनतात, मी ऐकते. तुह्या कानावर नाही येऊ देत. आता मनून राह्यले, शिकेल बाई हाय, तिनंच नको मनलं. मनू दे. नको मननारीले कोनी वांझ नाही मनत."

"आणि झालं तर?"

"मंग मनू, ऑपरेशन फेल गेलं. सरकारी काम हाय, फेल जात नसन का?"

त्या संध्याकाळी शेगडी परत आली. भावाकडे जाणे रहित झाले. खिडकीचे पोते आत्याबाईंनी आपल्या हाताने काढले आणि उरलेले दिवस मला हरभरा दिसत राहिला. आमच्या दोघींत त्या आजाराला नाव मिळाले. पुढे कधी दुखले की त्या हळूच विचारीत, "धुऱ्यावरचं का?" तेवढ्याने अर्धे दुखणे हलके होई. सासू आणि सून यांच्यात असा एक शब्द असणे ही किती मोठी गोष्ट आहे, हे मी आज जाणते. पण त्याच दिवसापासून त्या खोलीला एक भिंत जास्त झाली, आणि ती मी स्वतः उभी राहू दिली.

कारण कौशल्या रोज येऊ लागली. बाजेशी बसून घाटे सोली आणि मन मोकळे करी. तिची बुढी आता बोलत नव्हती. गल्लीतल्या बायका तिला मान देऊ लागल्या होत्या. बाईंनी जे केले ते हिने आधी केले होते ना! ती माझ्या टाक्यांची चौकशी अशी करी, जशी एकाच पलटणीतल्या शिपायाने दुसऱ्याची करावी. मी तिचे दाणे खात होते आणि गप्प होते. एका घरात माझे खोटे माझे छप्पर होते, दुसऱ्या घरात तिचे. कुठलेही काढले तर कोणीतरी उघडे पडणार होते, असे मी स्वतःला समजावी. ते खरेही होते. पण मी भित्री होते, हे त्याहून खरे होते.

तीन वर्षांनी मला मुलगी झाली. आत्याबाईंनी ठरल्याप्रमाणे गावाला सांगितले, आणि गावाने सरकारला चार शब्द सुनावून पेढे खाल्ले. कौशल्या टोपरे घेऊन आली. बाळाला तीट लावली, मांडीवर घेतले, त्याची मूठ उघडून पाहिली. मग खाली पाहतच म्हणाली, "तुमचं फेल गेलं, बाई. मायं काऊन नाही गेलं?"

खोली तीच होती. बाज तीच, शेगडी तीच. या वेळी कुशीत उशी नव्हती. सांगायला यापेक्षा योग्य क्षण नव्हता आणि यापेक्षा क्रूर क्षणही नव्हता. मी बाळाच्या अंगावरचे फडके सारखे केले. तिने आपणच डोळे पुसले. "जाऊ द्या," ती म्हणाली. "तुमी तं करून दावलं होतं नं. मनात तं होतं तुमच्या. मंग झालं."

या वाक्याची पेंढी दर पौषात माझ्या दारी येते.

आत्याबाई जाऊन बरीच वर्षे झाली. आता कोणाकडून वांझ म्हणवून घेण्याचे भय राहिलेले नाही. माझी मुलगी त्या आजाराचे लांबलचक इंग्रजी नाव जेवता जेवता सहज उच्चारते. परवा पेंढी सोडताना मी तिला प्रथमच हे सारे सांगितले. ती म्हणाली, "आई, कौशल्यामावशीला अजून माहीतच नाही?" तिच्या स्वरात आरोप नव्हता. नुसते आश्चर्य होते, आणि तेच लागले.

तोंडाने सांगणे मला जमणार नाही, हे मी जाणते. मला फळ्याकडे तोंड करूनच बोलता येते. म्हणून हे लिहिले, सावकाश आणि शक्य तितक्या वळणदार अक्षरांत. शोभा आता स्वतः शिक्षिका आहे आणि आईजवळ राहते. ही पाने मी तिला पाठवीत आहे. ती ओसरीत बसून आईला मोठ्याने वाचून दाखवील, आणि शुद्धलेखनाची एखादी चूक सापडली तर मनातल्या मनात दुरुस्त करील.

कौशल्या, तुला एकच टाका होता. मला दोन होते. शिकलेली म्हणून नव्हे.

यंदाचा डहाळा संपत आला आहे. पातळाचा तुकडा मी धुऊन, घडी करून ठेवला आहे. पुढच्या पौषात मी बसस्थानकावरच्या निरोपाची वाट पाहीन. तो आला नाही, तर का आला नाही, ते मला कळेल.